नकलेची नक्कल

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात कामसू आणि सगळ्यात बेभरवशाचं जे कोण आहे, ते माणूस नाही. ते एक एन्झाइम आहे. उंदरांना रक्ताचा कर्करोग देणारा एक विषाणू असतो, त्याचं हे मूळचं हत्यार. कुणा हुशार माणसाने ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि आता ते बोटाच्या पेराएवढ्या नळीतून, बर्फात बसून आमच्याकडे येतं. त्याला एकच काम येतं. समोर आरएनए ठेवला की त्यावरून डीएनए लिहून काढायचा. आम्हाला तेवढंच हवं असतं, कारण आरएनए म्हणजे महा नाजूक प्रकरण, उघड्यावरच्या दुधासारखं नासतं, आणि पुढच्या मशिनांना डीएनएच लागतो.

लिहितं भराभर, पण मागे वळून बघत नाही. आपल्या पेशींतली एन्झाइम्स लिहिता लिहिता तपासतात, अक्षर चुकलं तर खोडून नीट करतात. ह्याला ती शिस्तच नाही. विषाणूला कशाला हवी शिस्त? त्याचं तर चुकांवरच फावतं. दहा पिल्लं बिघडली तर बिघडली, अकरावं असं निघतं की औषधाला भीक घालत नाही. तर असला कारकून आम्ही पदरी बाळगलाय. हजारो अक्षरांत कधीतरी एखादं चुकवणार, हे धरूनच चालायचं. भरपूर नकला असल्या की एकीतली चूक गर्दीत बुडून जाते, कुणाला दिसत नाही. ह्याच भरवशावर मी इतकी वर्षं दुबईत पगार घेते आणि शारजात राहते.

लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी हे सगळं त्यांना सांगते. ती मान डोलावतात आणि मोबाइल बघतात. असो. मला सांगायचंय ते एन्झाइमबद्दल नाही, नवऱ्याबद्दल आहे.

ह्यांना रक्ताचा कर्करोग आहे. ऐकणाऱ्याचं तोंड लगेच बारीक होतं म्हणून सांगते, हा त्यातला सावकाश चालणारा प्रकार. रोज एक गोळी घ्यायची, दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. आजार किती उरलाय त्याचा एक आकडा येतो, तो खाली असला की पुढचे तीन महिने आपले. दोन जनुकं नको तिथे एकमेकांना चिकटलेली असतात, त्यातून एक आडमुठं प्रथिन तयार होतं आणि ते पेशींना थांबूच देत नाही. गोळी त्या प्रथिनाच्या एका खाचेत जाऊन बसते आणि त्याला गप्प करते. हे हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन यार्डात सुपरवायझर आहेत, म्हणजे दिवसभर लोखंड, क्रेन आणि ऊन. आजार कळल्यापासून एक दिवस जास्तीची रजा नाही. कंपनीत कुणाला पत्ता नाही. "कळलं की व्हिसा रिन्यू करताना दहा प्रश्न विचारतील," असं ह्यांचं म्हणणं. मीही वाद घातला नाही. इथे सगळेच तसं करतात.

चार वर्षं आकडा शहाण्यासारखा वागला. मग एकदा थोडा वाढला. डॉक्टर म्हणाले, बघू पुढच्या वेळी. पुढच्या वेळी चांगलाच वाढलेला होता. आता प्रश्न एकच होता. त्या खाचेचा आकार बदललाय का? एखादं अक्षर बदललं की खाच बदलते, गोळी तिथे बसत नाही, आणि मग रोजची गोळी घेतली काय आणि बत्तासा खाल्ला काय, सारखंच. ती तपासणी करायला रक्त आमच्याच लॅबला आलं, कारण इन्शुरन्सवाल्यांचं आमच्याशी जमलेलं आहे.

घरच्या माणसाचं सॅम्पल स्वतः हाताळायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मीच लिहिलेला आहे. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. माझ्या शेजारच्या टेबलावर केरळची एक बाई काम करते, दोन मुलांची आई, हात एकदम स्वच्छ. सॅम्पल तिच्याकडे गेलं. मी आपली पाठ फिरवून हिपॅटायटिसचे रिपोर्ट तपासत बसले. कान मात्र मागेच होते.

रिझल्ट आला त्या दिवशी ती जेवायला माझ्याबरोबर बसली नाही. तिथेच मी ओळखलं. थोड्या वेळाने आमच्या प्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. ते इजिप्तचे डॉक्टर आहेत, मनाने बरे, पण कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी खुर्ची मागेपुढे करतात. खुर्ची झाली, घसा खाकरून झाला, मग म्हणाले, "हबीबती, आय ॲम सॉरी. एक अक्षर बदललेलं दिसतंय. रिपीटही केलं. तेच आलं."

मी म्हटलं, "ओके." दुसरं काय म्हणणार? ज्या बातम्या मी आयुष्यभर नंबर टाकून पाठवल्या, त्यातली एक माझ्या नावावर आली होती. टेबलावर परत जाऊन उरलेले रिपोर्ट पूर्ण केले, सह्या केल्या आणि घरी आले.

घरी ह्यांना सांगितलं तेव्हा हे जेवत होते. सुरमईचं कालवण आणि भाकरी. मी सगळं नीट समजावून सांगितलं, जसं पेशंटला सांगावं तसं. ह्यांनी हातातला घास तसाच धरून ऐकून घेतलं.

"म्हणजे आतलं अक्षरच बदललं?"

"हो."

"म्हणजे त्यात माणसाच्या हातात काही नाही."

"काही नाही."

ह्यांनी मान हलवली, घास तोंडात घातला आणि म्हणाले, "कालवण झकास झालंय हां." मग आणखी एक भाकरी मागून घेतली. आणि त्या रात्री घोरत झोपले. मी छताकडे बघत पडले होते आणि मला ह्यांचा अभिमान वाटत होता. किती धीराचा माणूस, म्हटलं. मी असते तर ताट भिंतीवर फेकलं असतं.

पुढच्या आठवड्यात सगळं भराभर ठरत गेलं. ह्यांचे डॉक्टर म्हणाले, दुसरी एक जबर गोळी आहे, पण ती रक्तवाहिन्यांना जड, आणि ह्यांच्या हृदयात आधीच एक स्टेंट. ती द्यायला त्यांचा हात धजेना. मग उरलं बोनमॅरो बदलणं. म्हणजे इथलं सगळं गुंडाळून मुंबईला जायचं, भावाच्या हाडातला तो गर जुळतोय का बघायचं, जुळला तर सहा महिने हॉस्पिटल आणि पुढचं देवाला ठाऊक. चिपळूणला दिरांना फोन केला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हाड काय, आख्खा पाय काढून नेलात तरी चालेल." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन हमसून रडले. हे मात्र बाहेर यूट्यूब बघत बसले होते.

आमची मुलगी इथेच कॉलेजात आहे. इथेच जन्मली, गणपतीपुरती कोकणात गेलेली. तिला सांगितलं तर म्हणाली, "बट मम्मा, आय हॅव एक्झाम्स." मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ह्यांनी तिची समजूत काढली. "अगं, हे आतलं असतं. डीएनएचं. आईला विचार. आपण काही केलं, न केलं, ह्याने काही फरक पडत नाही. कुणाची चूक नाही." हे वाक्य हे सगळ्यांना सांगायला लागले होते. भावाला, गावच्या मित्राला, खालच्या मजल्यावरच्या रायगडच्या चाचांना. चाचा म्हणाले, "अल्लाची मर्जी." हे म्हणाले, "तेच तर." गाडी विकायची, पलंग कुणाला द्यायचा, व्हिसा कॅन्सलेशनला किती दिवस लागतात, ह्यांनी सगळी चौकशी करून ठेवली. मी मनात म्हटलं, संत आहे हो माझा नवरा. आणि मी अशी की लॅबमध्ये दिसेल त्याच्यावर खेकसत सुटले होते.

खेकसता खेकसताच एके दिवशी मी केरळच्या बाईला म्हटलं, "मला तो ग्राफ दाखव." हात लावायचा नाही असा नियम आहे, बघायचं नाही असा नाही. तिने स्क्रीनवर काढून दिला. प्रत्येक अक्षराचं एक शिखर असतं. नेमक्या त्या जागी मोठ्या शिखराच्या खाली दुसरं एक बुटकं शिखर होतं. बुटकं, पण ठसठशीत. नाही म्हणायला जागा नव्हती.

"आरएनए किती मिळाला होता?"

"बहुत कम, मॅडम. काठावर पास." ती हिंदीत बोलते आणि अधूनमधून माझ्याकडून शिकलेला मराठी शब्द घालते. मग तिने सांगितलं की सॅम्पल ईदच्या मोठ्या सुट्टीत क्लिनिकच्या फ्रीजमध्ये पडून होतं, कुरिअर आलाच नाही. आरएनए नासणारच. जो उरला तो तिने पणाला लावला.

"आणि रिपीट कशावरून केलंस?"

"सीडीएनए से, मॅडम. आरएनए खलास हो गया था."

मी खुर्चीत बसले. मग उठले. मग जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आजूबाजूच्या दोन टेबलांवरची माणसं उठून पाणी प्यायला गेली, इतकं सांगितलं की पुरे.

आता हे नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या माणसाला ह्यात काही वावगं दिसत नाही. सीडीएनए म्हणजे आमच्या त्या बेभरवशाच्या कारकुनाने आरएनएवरून लिहून काढलेली पहिली नक्कल. आरएनए नासलेला, म्हणजे धड मूळ प्रती चार-सहाच उरलेल्या. त्या उतरवून घेताना कारकुनाने एकीत एक अक्षर चुकवलं, तर ती चूक गर्दीत बुडत नाही, कारण गर्दीच नाही. चार-सहातली एक म्हणजे केवढी झाली! पुढे मशीन तिच्या कोट्यवधी प्रती काढतं आणि बुटकं शिखर उभं राहतं. मग शंका आली म्हणून तुम्ही पुन्हा तपासता. पण कशावरून? त्याच पहिल्या नकलेवरून. दहा वेळा तपासा, दहा वेळा तेच येणार. चूक आधीच होऊन बसलेली आहे, तुम्ही फक्त तिला पुन्हा पुन्हा नमस्कार करताय. आणि रिपोर्टात लिहिता, "रिपीट केलं, कन्फर्म." कशावरून केलं ते कुणी लिहीत नाही, कुणी विचारतही नाही. सगळ्या लॅबांमध्ये घाईच्या दिवशी असंच चालतं. त्यातून आकडा वाढलेला, डॉक्टरांना अक्षर बदललेलंच अपेक्षित. जे दिसावं असं सगळ्यांना वाटत होतं ते दिसलं, मग कोण कशाला खोदत बसतंय?

मी प्रमुखांकडे गेले. खुर्ची पुन्हा मागेपुढे झाली.

"शक्यता आहे," ते म्हणाले. "पण फक्त शक्यता. त्या अक्षराचं नाव वाईट अक्षरांच्या यादीत आहे. आकडा वाढलाय. सगळं जुळतंय. तुम्ही टेक्नॉलॉजिस्ट म्हणून बोलताय की बायको म्हणून?"

"डॉक्टर, बायको म्हणून बोलत असते ना, तर हा तुमचा चहा अजून टेबलावर राहिला नसता."

ते हसले नाहीत, पण ऐकलं त्यांनी. ठरलं असं की नवीन रक्त घ्यायचं, त्याच दिवशी लॅबला आणायचं, आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या नळ्यांत, अगदी पहिल्या पायरीपासून, एकमेकांना न विचारता करायचं. कारकून चुकला तरी दोन्हीकडे नेमका त्याच अक्षरावर चुकायचा नाही. दोन्ही नळ्यांत तेच अक्षर दिसलं तर ते ह्यांच्या रक्तातलं. एकीतही दिसलं नाही तर ते आमचं पाप. "यल्ला, लागा कामाला," प्रमुख म्हणाले, "इन्शाल्ला खैर."

ह्यांना मी रक्त द्यायला घेऊन गेले. गाडीत सगळं सांगितलं, जरा जास्तच उत्साहाने. हे खिडकीबाहेर बघत होते.

"आता परत कशाला?" हे म्हणाले. "झालं ते झालं. उगाच आशा लावून घ्यायची."

"अहो, उगाच कशी? चूक असू शकते!"

"तुमच्या लॅबची चूक काढून तुला काय मिळणारेय?"

मला इतका राग आला की सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही. मागच्या पिकअपवाल्याने हॉर्न मारून मारून जीव खाल्ला. पण मी गप्प बसले. म्हटलं, बिचारा घाबरलाय. आशा वाईटच असते, एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

नमुना गेला आणि मी आपली दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासत बसले. आयुष्यभर मी चुका होऊ नयेत म्हणून नियम लिहिले, लोकांना धारेवर धरलं, केरळच्या बाईला तर रडवलं. आणि आता मनातल्या मनात जप चालला होता, चूक निघू दे, देवा, आमचीच चूक निघू दे, मोठी ठळक चूक निघू दे, पाहिजे तर माझी नोकरी जाऊ दे. देवाला सुद्धा प्रश्न पडला असेल की ह्या बाईला नक्की हवंय तरी काय.

दोन्ही नळ्या स्वच्छ निघाल्या. मोठं शिखर एकटं, खाली काही नाही. केरळच्या बाईने मला हाताला धरून स्क्रीनसमोर नेलं. मी नियम मोडून माउस हातात घेतला, वर गेले, खाली आले, पुन्हा त्या अक्षरावर आले. नव्हतं. तिने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी तिथे उभ्या राहून रडलो. मी तिला जे जे बोलले होते त्याबद्दल मला वाईट वाटलं. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "छोडो मॅडम, मिठाई लाओ."

पार्किंगमध्ये जाऊन मी ह्यांना फोन लावला. मागे यार्डातला ग्राइंडरचा आवाज होता.

"अहो, नाहीये! दोन्ही नळ्यांत नाहीये! गोळी बसतेय तुमची!"

पलीकडे ग्राइंडर तेवढा चालू.

"हॅलो? ऐकलंत का?"

"हो. ऐकलं."

"अहो मग!"

"बरं झालं," हे म्हणाले. "क्रेन आलीये, ठेवतो."

कर्म माझं. माणसाला फाशीवरून उतरवलं तरी हा म्हणणार क्रेन आलीये. पण चिडायचं नाही असं ठरवलं, आनंदाचा दिवस होता. वाटेत थांबून वांगी घेतली. भरली वांगी ह्यांना जीव की प्राण.

जेवायला बसलो. मुलगी म्हणाली, "सो बाबा इज ओके? नो इंडिया?" मी म्हटलं, "नो इंडिया." तिने बापाच्या गालाचा पापा घेतला, ताट उचललं आणि खोलीत मैत्रिणींना फोन करायला पळाली. ह्यांनी कसंबसं जेवण संपवलं, पण चव म्हणून घेतली नाही. वांग्याबद्दल एक शब्द नाही.

आणि मग माझी जित्याची खोड. लॅबमध्ये एक चूक सापडली की काम संपत नाही, पुढचा प्रश्न असतोच. अक्षर बदललेलं नाही, ठीक. मग आकडा का वाढला? आकड्याची तपासणी वेगळी असते, दोनदा वेगवेगळ्या रक्तावर झालेली, तो खरा होता. गोळी बसतेय तर काम का करत नाहीये? मी हे मोठ्यानेच विचारलं. ह्यांना असं नाही, आपलं असंच, हात वाळवत बसल्या बसल्या.

"तुम्ही ॲसिडिटीची काही गोळी घेता का, मला न सांगता?"

"नाही."

"गावाहून कुणी काढा-बिढा, कसली पावडर?"

"नाही गं."

"गोळ्यांचं पाकीट गाडीत उन्हात ठेवता का?"

"बॅगेत असतं. ऑफिसात, एसीत."

ही गोळी भरल्या पोटी घ्यायची असते. हे सकाळी चहाटोस्टवर निघतात, म्हणून कामाच्या दिवशी ती यार्डातल्या ऑफिसात, डबा खाल्ल्यावर घ्यायची असं पहिल्यापासून ठरलेलं. रिकाम्या स्ट्रिप्स घरी यायच्या, मी नवीन पाकीट द्यायचे. मी विचारायचं म्हणून विचारलं, उत्तर माहीत असल्यासारखं, "आणि घेता ना रोज?"

हे ताटाकडे बघत होते. बोट ताटाच्या कडेवरून फिरत होतं.

"अहो?"

"घेत नव्हतो," हे म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "म्हणजे?"

"कामाच्या दिवशी नाही. सुट्टीला तुझ्यासमोर घ्यायचो. बाकीच्या काढून टाकायचो. भंगाराच्या ड्रममध्ये." मग एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. "अगं, पोटरीत असा गोळा येतो, तुला कल्पना नाही. ती घेतली की उन्हात येतोच. एकदा शिडीवर अर्ध्यात आला. हात सुटला असता. खाली पोरं उभी, सगळी वर बघतायत. डोळे सुजतात, तर म्हणतात, साहेब, कल ज्यादा हो गयी क्या? मी हसून दाखवायचो. म्हटलं, उन्हाळ्यापुरती बंद करू. बरं वाटायला लागलं. माणसासारखं वाटायला लागलं. मग परत सुरू करायला मन होईना."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. आकडा वाढला तेव्हा सांगणारच होतो. तू इतकी घाबरलेली दिसलीस की जीभ रेटेना. पुढच्या वेळी आणखी वाढला. मग तर कसं सांगू? आणि मग तुमचा तो रिपोर्ट आला."

ह्यांनी ताट बाजूला सारलं.

"खरं सांगू? मला बरं वाटलं गं. तू म्हणालीस ना, माणसाच्या हातात काही नाही. म्हटलं, चला, सुटलो. मेलो तरी हे माझ्यामुळे झालं असं तुम्हाला कधी वाटणार नाही."

तेव्हा मला कळलं ते घोरणं कसलं होतं, ती जास्तीची भाकरी कसली होती. मी त्याला धीर समजून उराशी धरून बसले होते. काखेत कळसा आणि मी जगभर हिंडत होते, नळ्या उलट्यापालट्या करत होते, लोकांच्या अंगावर ओरडत होते.

"अरे माणसा," मी म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना कधी अरे म्हटलेलं नाही. "अरे, तुझा भाऊ हाडं टोचून घ्यायला निघाला होता! पोरगी तुझ्या खांद्यावर रडत होती! आणि तू पलंग कुणाला द्यायचा ते ठरवत होतास? आम्ही हसतमुखाने तुला मारून आलो असतो, कळतंय का तुला? त्या मुंबईच्या हॉस्पिटलात, अगदी देवाचं नाव घेत, मारून आलो असतो!" माझा आवाज चढला तशी मुलीच्या खोलीतलं बोलणं थांबलं. मी आणखी बरंच बोलले. नालायक म्हणाले, भेकड म्हणाले. मला सगळं बोलायचं होतं आणि मी बोलले.

हे मान खाली घालून ऐकत राहिले. एकदाही उलटून बोलले नाहीत.

बोलून बोलून घसा सुकला तेव्हा मी उठले. ह्यांची बॅग दाराशी पडली होती, त्यातलं पाकीट काढलं, स्ट्रिप फोडून एक गोळी हातावर घेतली, तांब्याभांडं घेऊन आले. ह्यांनी न सांगता हात पुढे केला. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, कंठमणी वर गेलेला आणि खाली आलेला मी बघितला. पण माझा विश्वास बसेना. नवऱ्याच्या शब्दावर नाही, त्याच्या घशावर नाही, कशावरच बसेना.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उघडलं. मी ट्यूबलाइटच्या उजेडात वाकून बघितलं, दाढांच्या मागे, गालाच्या आत. "जीभ वर करा." केली. खाली काही नव्हतं. मी अजून बघतच होते, तेवढ्यात हे तसेच, तोंड उघडं ठेवून, रडायला लागले.